मूळ कागद बघितलास का?

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. तिसऱ्या वर्षी जाहिरात घेऊ की पत्रकारिता? बाबा म्हणतात पत्रकारितेत पगार नाही, मैत्रीण म्हणते रील्स करायला डिग्री लागत नाही, आणि तुला वाटतंय की बीएएमएमसीला, म्हणजे या मास मीडियाच्या पदवीला, येऊन आपण फसलो. तू हुशार आहेस वगैरे मी लिहीत बसणार नाही, ते तुला ठाऊक आहे. मला त्रास झाला तो सोबत पाठवलेल्या प्रोजेक्टमुळे.

‘दर्पण’वर तू पानंच्या पानं लिहिलीस. 6 जानेवारी 1832, बाळशास्त्री जांभेकर, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, सगळं बरोबर. पण ‘दर्पण’चं एक तरी पान डोळ्यांनी पाहिलंस का? पाहिलं असतंस तर पानावरचे दोन स्तंभ दिसले असते, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. मग प्रश्न पडला असता की त्या काळच्या मुंबईत हे इंग्रजी कोणासाठी छापत होते? त्या एका प्रश्नावर अख्खा प्रोजेक्ट उभा राहिला असता. तू मात्र इतरांनी लिहिलेलंच पुन्हा लिहिलंस.

मूळ कागद बघ. माझ्याकडे तुला द्यायला एवढंच आहे, आणि ते मी तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे.

मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत बातमीदार होते तेव्हा ‘रस्ता मंजूर’ अशा प्रेसनोटा सारख्या यायच्या, सोबत नारळ फोडतानाचा फोटो. मंजूर म्हणजे नेमकं काय? प्रशासकीय मान्यता मिळाली, की तांत्रिक मान्यता झाली, की निविदा निघाली, की ठेकेदाराच्या हातात कार्यारंभ आदेश पडला? यातल्या एकेका टप्प्यावर काम रखडतं आणि गाव तोवर चिखलातून चालत राहतं. मी बांधकाम विभागात जाऊन आदेशाची प्रत मागायचे. नसेल तर काम कुठे अडलंय ते लिहायचे. एका निवडणुकीच्या तोंडावर माझी ती ओळ काढून प्रेसनोट जशीच्या तशी छापली गेली, वर माझं नाव घालून. मी राजीनामा दिला.

त्यानंतर घर नवऱ्याच्या पगारावर चाललं. मुंबईच्या मोठ्या दैनिकात जायचं राहिलं ते राहिलंच. खंत आहे, नाही कशाला म्हणू? बरोबरीच्या कुणाची बायलाइन, म्हणजे बातमीवर छापलेलं नाव, दिसली की अजून आत तुटतं. नातेवाईक हेकट म्हणाले, सहकारीही म्हणाले. पण माझ्या नावावर विश्वास ठेवून त्या गावातली माणसं रस्त्याची वाट बघत बसली होती. त्यांना मी काय तोंड दाखवणार होते? मी बरोबरच केलं. आज तशीच वेळ आली तर आजही तेच करेन.

जाहिरात घेतलीस तर यातून सुटशील असं समजू नकोस. ‘दहा दिवसांत केसगळती बंद’ असं जाहिरातीच्या कॉपीत लिहिशील तेव्हा त्याचा चाचणी अहवाल कुठे आहे, हे कोण विचारणार? तूच विचारायचंस. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तीच चूक केली तर 50 लाखांपर्यंत. म्हणजे तिथेही मूळ कागद बघायचाच आहे. शाखा तुला आवडेल ती घे, त्यावर मी भांडणार नाही. कागद न बघता लिहिलंस तर मात्र भांडेन.

आणि ते सारांश काढून देणारं चॅटजीपीटी निदान कॉलेजची वर्षं संपेपर्यंत बाजूला ठेव. मंत्रालयातून निघालेला जीआर, म्हणजे शासन निर्णय, सारांशात वाचशील तर फक्त घोषणा कळेल. अख्खा वाच. वर संदर्भ म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते, ती धरून मागे मागे जा. खाली खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यावर, टाकायचा ते लिहिलेलं असतं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ते शीर्ष शोध, तरतूद किती होती ते बघ आणि प्रत्यक्ष खर्चाशी ताडून पाहा. तरतूद आणि खर्च यांच्यामधल्या फरकात बातमी असते, बाळा. हे तुला कोणी नोट्समध्ये देणार नाही, कारण ते नोट्समध्ये मावत नाही. कंटाळवाणं आहे? असू दे. पहिल्या जीआरला मलाही काही कळलं नव्हतं. पुढे पुढे ती भाषा वाचता येऊ लागते आणि मग कार्यालयातला कोणीही तुला उडवून लावू शकत नाही.

आता एक काम कर. तुमच्या गल्लीतला तो खोदून ठेवलेला रस्ता आहे ना, ज्याबद्दल तू स्टोरी टाकली होतीस, त्याच्या कार्यारंभ आदेशाची आणि काम पूर्ण करायची मुदत लिहिलेल्या कागदाची प्रत माहिती अधिकारात माग. महापालिकेच्या त्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, 10 रुपये शुल्क, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. ‘काम का रखडलं’ असं विचारू नकोस, कागद माग. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करायचं. अर्ज देण्याआधी मसुदा मला पाठव, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.

तुझी,
मॅडम