गादीसाठी एफडी मोडू का?

नाशिकच्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. कापसाची गादी बसली आहे, यजमानांची कंबर धरते. शोरूममधली आठ इंची लेटेक्स (रबराच्या चिकाचा फोम) गादी 72,000 ची, बारा महिने 'नो कॉस्ट' ईएमआयवर. रोख दिल्यास 66,000. दुसरा पर्याय म्हणजे लेटेक्सचेच थर वेगवेगळे आणून घरीच रचणं: सहा इंची खालचा थर 24,000, वरचा दोन इंची 10,000, चेनचं कव्हर 5,000, एकूण 39,000. महिन्याला 11,000 शिल्लक पडतात, आणि 1 लाखाची एकच एफडी आहे.

ताई, त्या एफडीला हात लावू नका. अडीनडीला तुमच्याकडे तेवढीच आहे. ईएमआयही नको. रोखीतली 6,000 ची सूट सोडायची, हेच त्याचं व्याज. ईएमआय क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 1,080, शिवाय बहुधा प्रोसेसिंग फी.

थरांची गादी घ्या, पण एकदम नको. खालचा थर आणि कव्हर मिळून 29,000 होतात, तीन महिन्यांच्या शिलकीत बसतात. कव्हर मात्र आठ इंचांचंच शिवून घ्या. कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या आणि वरचा थर येईपर्यंत तीच वर अंथरा. पुढच्या महिन्यात वरचा थर. तोवर यजमानांना एकदा डॉक्टरांना दाखवा; कंबरेचं दुखणं गादीचंच आहे हे आपण गृहीत धरतोय.

थरांचा खरा फायदा पुढे कळतो. आधी दबतो तो वरचा थर. तो मऊ पडला की 10,000 त बदलता येतो, खालचा चालू राहतो. म्हणून थर डिंकाने चिकटवू नका. लेटेक्सवर लेटेक्स सहसा सरकत नाही. तुम्ही 52 किलोच्या, यजमान 88 चे; जड माणसाला जास्त घनतेचा, म्हणजे टणक थर लागतो. मग 6 बाय साडेसहा फुटांच्या पलंगासाठी तीन-तीन फुटांचे दोन भाग करून घ्या: त्यांच्या बाजूचा खालचा थर 90 घनतेचा, तुमच्या बाजूचा 80 चा. शोरूमच्या एकसंध गादीत हे जमत नाही.

उरलेला 27,000 चा फरक कशाचा? बराचसा जबाबदारीचा. शोरूमवाला वॉरंटी देतो, पण बहुतेक वॉरंट्या ठरावीक मापाचा खड्डा पडला तरच लागू होतात. नुसती गादी मऊ पडली तर नाही. घरी रचलेल्या गादीला तेवढंही कोणी बांधील नाही, म्हणून माल स्वतः पारखा. 80 घनता म्हणजे घनमीटरला 80 किलो. त्या हिशोबाने तुमचा तीन फुटी, सहा इंची भाग साधारण 22 किलो भरायला हवा, यजमानांचा 25 च्या आसपास. वजनकाट्यावर 16-17 भरला तर तो 80 चा नाही. बिलावर घनता, जाडी आणि 'नैसर्गिक लेटेक्स' असं लिहून घ्या, कारण कृत्रिम रबर मिसळलेला मालही त्याच नावाने खपतो. लेटेक्स बनवण्याच्या दोन पद्धती आहेत, डनलॉप आणि तलालय. डनलॉप पद्धतीचा थर पुरेसा आहे, खालच्या थरासाठी महागडा तलालय नको.

एक खर्च तुम्ही धरलेला नाही. तुमचा पलंग बॉक्सचा आहे, वर सलग प्लाय. पावसाळ्यात खालून हवा मिळाली नाही तर दमट राहून बुरशी धरते. सुताराकडून प्लायला भोकं पाडून घ्या, हजारभर रुपये बाजूला ठेवा.

आणि कापसाच्या गाद्यांसारखी ही गच्चीवर उन्हात टाकू नका. मी माझा दोन इंची थर एका मे महिन्यात रोज टाकत होतो. कडा पिवळ्या पडल्या, बोटाने चोळलं की भुगा हातात येत होता. पंख्याखाली, सावलीत, उभा करून ठेवा.