दाखला उत्पन्नाचा, परीक्षा मुलीची

घणसोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. रबाळे एमआयडीसीतली नोकरी नोव्हेंबरमध्ये गेली, आता निम्म्या पगारावर दुसरीकडे लागलेत. मुलगी आठवीत, खासगी सीबीएसई शाळेत. वर्षाची फी ९६,००० रुपये. शाळेच्या ट्रस्टने गरजू पालकांकडून फी-सवलतीचे अर्ज मागवलेत. ते लिहितात, "अर्ज असा लिहायचाय की त्यांना नाही म्हणताच येऊ नये. मुलीलाही बजावलंय, ९० टक्क्यांच्या खाली आलीस तर सवलत नाही आणि शाळा सुटेल. पोर समजूतदार आहे. सहलीचा फॉर्म तिने आम्हाला न विचारता कोराच परत दिला."

अर्जाचं नंतर बघू. तुम्ही ते सहलीच्या फॉर्मचं कौतुकाने लिहिलंय, मी मात्र तिथेच अडकले. तेरा वर्षांची मुलगी घरात न विचारता सहल सोडते, याला मी समजूतदारपणा म्हणणार नाही. ती घाबरलीय. रात्री तुम्ही दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलता ते तिला अर्धंमुर्धं ऐकू येतं, उरलेलं ती मनाने भरते. त्यावर तुम्ही तिला सांगून टाकलंत की शाळा टिकणं तिच्या मार्कांवर आहे. नोकरी तुमची गेली आणि भरपाई तिने करायची? रागावू नका, पण हे मला स्पष्ट लिहायलाच हवं.

शिवाय तुम्ही तिला जे सांगितलंत ते खरंही नाही. गुणवत्तेची शिष्यवृत्ती वेगळी आणि गरजेवरची सवलत वेगळी. दुसरीत बघितलं जातं ते घरात येतं किती, जातं किती आणि खाणारी तोंडं किती. एखादा ट्रस्ट बरी हजेरी किंवा पास होण्याची अट घालतो, ती फॉर्मवर छापलेली असते. तुमच्या फॉर्मवर असेल तर वाचा. ९० टक्क्यांचा आकडा फॉर्मवर नसेल, तर तो तुमच्या धास्तीतून आलाय. अर्जाला जोडायला काढून ठेवलेली अबॅकस आणि चित्रकलेची चौदा प्रमाणपत्रंही परत फाइलमध्ये ठेवा. अर्जदार तुम्ही आहात, ती नाही.

जोडायचं ते असं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल. घणसोलीकरांना तो ठाणे तहसीलचा. पण दाखला आणि फॉर्म १६ मागच्या वर्षाचं बोलतात, म्हणजे नोकरी शाबूत असतानाचं. त्यामुळे जुन्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर, नव्या पगाराच्या स्लिपा आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट हवंच, नाहीतर तुम्ही कागदावर सुखवस्तू दिसाल. अर्ज एका पानाचा: नोकरी कधी गेली, आता हातात किती येतात, फीपैकी किती भरू शकता. "निम्मी फी चार हप्त्यांत भरतो" असं लिहिणाऱ्या पालकावर विश्वास बसतो. गहिवर घालू नका. आणि 'एक लाखाच्या आतला दाखला काढून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच वळा. खोटा दाखला हा गुन्हा आहे आणि तुमचं स्टेटमेंटच तुम्हाला उघडं पाडेल.

आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचा, २५ टक्क्यांचा कोटा पहिलीच्या किंवा नर्सरीच्या प्रवेशासाठी असतो, आठवीत त्याचा उपयोग नाही. एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचे वर्षाला १२,००० रुपये सरकारी, अनुदानित आणि पालिका शाळांतल्या मुलांना मिळतात, तुमच्या शाळेला नाहीत. ट्रस्टची सवलत ही त्यांची मर्जी, तुमचा हक्क नव्हे. तेव्हा 'नाही' ऐकायची तयारी ठेवा.

आता जे तुम्ही शेवटच्या ओळीत घाईघाईने लिहिलंय. सोनं गहाण ठेवून जेईई फाउंडेशन क्लासचे ४०,००० भरलेत. एका हाताने गरजू म्हणून अर्ज करायचा आणि दुसऱ्या हाताने क्लासला चेक द्यायचा? ट्रस्टच्या समितीला तो स्टेटमेंटवर दिसणारच. पण समिती राहू द्या, आठवीतल्या मुलीला त्या क्लासची गरजच नाही. पैसे परत मागा, मिळतील तेवढे घ्या आणि सोनं सोडवा.

सवलत नाकारली तर शाळा बदला, आणि ती याच वर्षी. सीबीएसईची नोंदणी नववीत होते, त्यानंतर बदल जड जातो. कोपरखैरणे आणि सीवूड्सला महापालिकेच्या सीबीएसई शाळा आहेत. नववीचा वर्ग आणि जागा आहे का, स्वतः जाऊन विचारा. जवळच्या अनुदानित मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेतही डोकावा. तिथे शिकून इंजिनिअर झालेली माणसं रबाळ्यात तुमच्याच शेजारी बसत होती.

हे सगळं मुलीसमोर बसून बोला, आकड्यांसकट. "मार्कांचा आणि फीचा संबंध नाही, मी चुकीचं बोललो" हे वाक्य तुमच्याच तोंडून येऊ द्या, आईकरवी निरोप नको. आणि सहलीची तारीख गेली नसेल तर वर्गशिक्षिकांना फोन करा. खरंच परवडत नसेल तर यंदा नको असं तुम्ही तिला सांगा. तो फॉर्म परत द्यायचा तर तुम्ही द्यायचा.