पदवीसाठी मानववंशशास्त्र घेऊ का? घरचे म्हणतात स्कोप नाही. आणि त्यात गणित असतं का?

"स्कोप" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. शाळा नुकतीच संपलीय तुझी असं दिसतंय, म्हणून अरे-तुरे करते.

आमच्या घरात हा शब्द मोठ्या काकांचा. मी अँथ्रो (म्हणजे मानववंशशास्त्रच) घेतलं हे कळल्यावर त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, "म्हणजे आता कवट्या मोजणार का?" सगळे हसले, मीपण हसले, कारण नक्की काय करणार आहे हे तोवर मलाच माहीत नव्हतं. आज विचारलं असतं तर सांगितलं असतं की हो, मोजतात, इरावती कर्व्यांनी मोजल्या होत्या. बर्लिनला पीएचडी करताना त्यांचे गाइड होते ऑयगेन फिशर, गोरे लोक श्रेष्ठ मानणाऱ्यांपैकी. त्यांचं म्हणणं असं की कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, यात वंशावंशात फरक आहे आणि त्यावरून गोऱ्यांची बुद्धी जास्त ठरते. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की वंशाशी याचा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, त्याच माणसाच्या हाताखाली शिकत असताना! पण तेव्हा मला इरावतीबाई म्हणजे लेखिका एवढंच माहीत होतं, आपल्यात बहुतेकांना तेवढंच माहीत असतं.

तर दुसऱ्या वर्षी किनशिपचा, म्हणजे नात्यागोत्यांचा, पेपर होता. असाइनमेंट अशी की एका कुटुंबाची चार पिढ्यांची वंशावळ काढा, रिव्हर्स नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाच्या पद्धतीने. मी आळशी, स्वतःचंच घर घेतलं. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोल, लग्न म्हणजे बरोबरचं चिन्ह, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. रिव्हर्स मुळात डॉक्टर. १८९८ मध्ये टोरेस सामुद्रधुनीच्या (ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधली) मोहिमेवर गेला आणि तिथे त्याच्या लक्षात आलं की भाऊ, काका असल्या शब्दांवर विसंबलं की घोळ होतो, कारण दर भाषेत त्यांचा अर्थ वेगळा (आपले काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा हे इंग्रजीत सगळे अंकलच की). म्हणून तो आई, बाप, मूल, नवरा, बायको या पाचच शब्दांत विचारायचा, मुलं जन्माच्या क्रमाने, जगलेली-गेलेली सगळी, आणि परत तेच दुसऱ्याला तिसऱ्याला विचारून ताडून बघायचा. बाळबोध वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

काकांना विचारलं, भावंडं किती? चार. बाबा, चार. आत्या, चार. आजीला सगळ्यात शेवटी विचारलं, तेही ताडून बघायचा नियम आहे म्हणून, नाहीतर विचारलंच नसतं. कागदातून मानही वर न काढता म्हटलं, "आजी, तुला मुलं किती झाली ते पहिल्यापासून सांग, गेलेली धरून." ती म्हणाली, पाच. आणि पहिलं नाव घेतलं ते एका मुलीचं.

तीन वर्षांची होऊन गेली ती. तेव्हा काका पोटात होते. नंतर घरात कुणी तिचं नाव काढलं नाही आणि आजीला कुणी विचारलंही नाही. म्हणजे मोठे काका मोठे नव्हतेच! ज्यांनी आयुष्यभर "मी थोरला, मी सांगतो तसं" म्हणून सगळ्यांना गप्प बसवलं ते दुसरे. मग माझ्या डोक्यात आलं की सगळं घर त्यांना थोरला म्हणतं, आजी मात्र कधीच म्हणत नाही, ती नावानेच हाक मारते. इतकी वर्षं सगळ्यांच्या कानावर पडत होतं ते, पण ऐकलं कुणी नाही. मी तर नाहीच.

इथपर्यंतची गोष्ट मी नेहमी कॉलर ताठ करून सांगते. पुढची फारशी सांगत नाही.

त्याच रात्री जेवताना मी ते जाहीर केलं. काकांकडे बघून म्हटलं, "तुम्ही नंबर दोन आहात." कवट्यांचं उट्टं काढायचं होतं, दुसरं काही नाही. काका म्हणाले, "मेलेल्यांची नावं मोजून कुणाचं पोट भरलंय?" आजी ताटावरून उठली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि असाइनमेंटला मॅडमनी दहापैकी सहा दिले. काम चोख होतं, त्यात खोट नव्हती, पण खाली लाल पेनाने एकच ओळ होती, "हे नाव लिहायची परवानगी घेतली होतीस का?" मी हुज्जत घातली की माझी आजी आहे, तिची कसली परवानगी. त्या म्हणाल्या, तुझी आजी आहे म्हणून तर आधी विचारायचं. तेव्हा प्रचंड राग आला होता. आज मी कामासाठी लोकांच्या मुलाखती घेते, त्यात फॉर्मवर सही घेणं सोपं असतं, पण समोरचा माणूस बोलताबोलता अचानक थांबला की पेन खाली ठेवायचं असतं हे मला त्या सहा मार्कांनी शिकवलं. (मुलीचं नाव इथेही लिहीत नाहीये, बघ.)

पोट भरण्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तिसऱ्या वर्षी सापडलं, काकांना ऐकवायचं राहिलंय म्हणून तुला ऐकवते. पापुआ न्यू गिनीत फोरे लोकांमध्ये कुरू नावाचा रोग होता. आधी थरथर, मग चालता येत नाही, मग बसता येत नाही, साधारण वर्षभरात माणूस जातो. आणि मरत होती मुख्यतः बायका आणि मुलं. १९५०च्या दशकाच्या शेवटी डॉक्टरांचा रोख आनुवंशिकतेवर होता. मग १९६१ मध्ये शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे दोघं मानववंशशास्त्रज्ञ तिथे जाऊन राहिले, आणि त्यांनी केलं काय, तर वंशावळी काढल्या, घरोघरी विचारलं की कोण गेलं, कधी गेलं, कशाने गेलं. म्हातारी माणसं सांगायला लागली की हा रोग आमच्या डोळ्यांदेखत आला, आधी नव्हता. आता इतक्या थोड्या वर्षांत इतका जीवघेणा जीन एवढा पसरणं शक्यच नाही! जुळलं ते दुसऱ्याच गोष्टीशी, गेलेल्या नातेवाइकाचं शरीर खायच्या प्रथेशी. तीसुद्धा तिथे फार जुनी नव्हती, आणि मेंदू खाणं बायका-मुलांच्या वाट्याला येत होतं. प्रथा बंद पडल्यावर जन्मलेल्या मुलांना कुरू झाला नाही. १९७६ चं नोबेल मात्र गायड्युसेकला, ज्याने लॅबमध्ये चिंपांझींना रोग देऊन तो संसर्गाने पसरतो हे दाखवलं, त्याचंही काम मोठंच आहे, पण वंशावळीवाल्यांची नावं कुणाला ठाऊक असतात? तर काका, मेलेल्यांची नावं मोजून हे असं होतं.

बरं, तुझा प्रश्न. चार शाखा असतात, शारीरिक, पुरातत्त्व, भाषा आणि सामाजिक-सांस्कृतिक. सगळीकडे चारही शिकवत नाहीत, काही ठिकाणी बीए म्हणून असतं तर काही ठिकाणी बीएस्सी, म्हणून नावावर जाऊ नकोस, विषयांची यादी बघ. आणि फील्डवर्क आहे का ते विचार. नसेल तर सरळ दुसरं काही घे. पुस्तकात वाचून अँथ्रो करणं म्हणजे काठावर बसून पोहणं.

नोकरीचं म्हणशील तर "मानववंशशास्त्रज्ञ पाहिजेत" अशी जाहिरात शोधत बसू नकोस, जवळजवळ नसतेच. काम वेगळ्या नावाने मिळतं. यूजर रिसर्च (मी हेच करते, लोक ॲप खरंच कसं वापरतात ते शेजारी बसून बघणं, ते सांगतात एक आणि करतात भलतंच), सार्वजनिक आरोग्य, संग्रहालयं, संस्थांची सर्वेक्षणं. आणि हाडांची आवड असेल तर फोरेन्सिक. अर्जेंटिनात १९८४ मध्ये हुकूमशाहीने गायब केलेल्यांचे सांगाडे उकरून ओळखायचं काम क्लाइड स्नो या अमेरिकन तज्ज्ञाने सुरू केलं तेव्हा पुढे आली ती तिथली विद्यार्थी मंडळी, कारण बाकीचे हात लावायला धजत नव्हते. त्यातूनच पुढे जगभर काम करणारी टीम उभी राहिली. कवट्या मोजणारीच पोरं ती.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. नुसत्या पदवीवर भागत नाही, पुढे मास्टर्स किंवा एखादं हातातलं कौशल्य लागतंच. माझी चुलत भावंडं माझ्यापेक्षा बरंच जास्त कमावतात आणि काका ते दर भेटीत सांगतात. घरची ओढाताण असेल, कर्ज काढून शिकायचं असेल आणि पदवी हातात आल्याआल्या पगार लागणार असेल, तर हे लिहायला जिवावर येतंय, पण काकांचं ऐक. तसंच कुणाला दाखवून द्यायचं म्हणून घेऊ नकोस. मी अर्धं त्यासाठीच घेतलं होतं आणि तो अर्धा भाग पहिल्याच वर्षी संपला.

गणिताचं राहिलंच. असतं. बहुतेक ठिकाणी स्टॅटिस्टिक्सचा एक तरी पेपर असतो, शारीरिक बाजूला गेलं तर जास्त. सरासरी, विचलन, काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा खरंच संबंध आहे की योगायोग, हे तपासायची चाचणी) एवढं नीट आलं तरी निभतं. मी दुसऱ्या प्रयत्नात पास झाले, हे काकांना अजून माहीत नाही.