मधला दिवस काढू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. व्यवस्थापकांना दोन आठवड्यांचा खर्च परवडत नाही, प्रशिक्षकांना सामन्याच्या दिवशी पोचायची धास्ती वाटते, म्हणून दोघांचं मन राखत तू फुटबॉल संघाला सामन्याच्या तीन दिवस आधी बोलिव्हियातल्या उंचावरच्या ला पाझला नेतो आहेस. नेमकं हेच करू नकोस. एकतर दोन आठवडे आधी जा, नाहीतर काही तास आधी. मधला दिवस नको.

तिथे 3,600 मीटरवर हवेतला ऑक्सिजन तोच 21 टक्के असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशावर आलेला असतो, म्हणून दर श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. डोकेदुखी, मळमळ सहसा पोचल्यावर सहा-बारा तासांनी सुरू होते. पहिल्या रात्री झोप धड लागत नाही. रक्तातलं पाणी कमी होतं. ज्यांच्यासाठी वर जायचं, त्या तांबड्या पेशी वाढायला मात्र आठवडे लागतात. मग तिसऱ्या दिवशी खेळाडूच्या पदरात काय पडतं, सांग बरं? त्रास सगळा, कमाई जेमतेम.

पाहुणे संघ खाली सांता क्रूझला, जेमतेम 400 मीटरवर, मुक्काम करून सामन्यापुरते वर जातात ते उगाच नाही. अर्थात त्यामुळे दम वाढत नाही; फक्त आजारपण टळतं. 2009 मध्ये मेस्सी मैदानात असूनही अर्जेंटिना ला पाझला बोलिव्हियाकडून 6-1 अशी हरली. शिवाय विरळ हवेत चेंडू वेगाने येतो आणि कमी वळतो. उशिरा पोचलेल्या गोलरक्षकाला ते सामन्यातच उमगतं. म्हणून मला विचारशील तर दोन आठवडेच. पण पैसे नसतील तर सरळ दुसरं टोक गाठ.

या मुद्द्यावर मला हेकट म्हणणारे पुष्कळ भेटले. काही जुने स्नेह त्यात तुटले, त्याची खंत आजही आहे. तरी मी मागे हटलो नाही, कारण बैठकीत सगळ्यांना पटलेली तारीख मैदानावर खेळाडूच्याच अंगावर येते. तुला समजूतदार ठरायचं आहे, हे कळतं रे मला. पण शरीर तडजोड मानत नाही. मधला दिवस नको, म्हणजे नको.

दोन आठवडे मंजूर झाले, तर निघण्याच्या महिनाभर आधी सगळ्यांचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन, तपासून घे. लोह कमी असलेल्याला वर राहूनही फारसं काही मिळत नाही, आणि ते भरून काढायला वेळ लागतो. तपासणीची तारीख आराखड्यात आजच टाक आणि मला पाठव.