'द' कुठं लागतो, कुठं गळतो

प्रश्न असा आला आहे. आठवीतल्या एका मुलीनं इंग्रजीच्या पेपरात 'माय अंकल इज इन हॉस्पिटल' असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी मधे 'द' घातला आणि अर्धा गुण कापला. आईचं म्हणणं, मराठीत उपपदं नाहीतच, मग पोरांनी हे ओळखायचं कसं? जोडीला एक उपप्रश्न: जुन्या पुस्तकांत 'द युक्रेन' दिसतं, आता बातम्यांत नुसतं 'युक्रेन' येतं, ते का?

अर्ध्या गुणाचं आधी सांगतो. मुलीचं वाक्य बरोबर आहे. ब्रिटिश इंग्रजीत 'इन हॉस्पिटल' म्हणजे काका ॲडमिट आहेत. 'इन द हॉस्पिटल' म्हटलं की काका त्या इमारतीत आहेत, मग कुणाला डबा द्यायला गेले असतील, नाहीतर तिथली वायरिंग दुरुस्त करत असतील. अमेरिकन माणूस मात्र पेशंटसाठीही 'इन द हॉस्पिटल'च म्हणतो. म्हणजे तपासणाऱ्यांचं वाक्यही चूक नाही, गुण कापणं चूक आहे. आपल्याकडची पाठ्यपुस्तकं बहुतेक ब्रिटिश वळणाची, त्यामुळे तर जास्तच.

यामागचं सूत्र असं की जागा ज्या कामासाठी असते त्याच कामासाठी माणूस तिथं असेल, तर 'द' गळतो. 'ॲट स्कूल' म्हणजे शिकायला, 'इन प्रिझन' म्हणजे शिक्षा भोगायला, 'इन बेड' म्हणजे झोपायला किंवा आजारी म्हणून. कैद्याला भेटायला गेलेली बायको 'द प्रिझन'मध्ये जाते. पण ही सवलत मोजक्याच शब्दांना आहे. बँक, ऑफिस, स्टेशन, मार्केट यांना ती नाही. पैसे काढायलाच गेलात तरी 'टू द बँक'च. इथं तर्क लावत बसू नये, भाषेनं कुणाला सूट दिली ते पाठ करावं.

आता 'मराठीत हे नाहीच' या म्हणण्याकडे येऊ. उपपद नाही हे खरं, पण भेद आहे. 'ती शाळेत आहे' आणि 'ती शाळेवर आहे' यात विद्यार्थिनी कोण आणि बाई कोण, हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. इंग्रजी जे काम 'द' घालून किंवा गाळून करतं, तसलंच काम आपण इथं प्रत्ययावर सोडतो.

त्याहून चांगलं उदाहरण घरातच सापडतं. 'आम्ही मुलगा बघतोय' आणि 'आम्ही मुलाला बघतोय' ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात लेकीसाठी स्थळं शोधणं चालू आहे, मुलगा कोण ते ठरायचंय. दुसऱ्यात मुलगा ठरावीक आहे, ऐकणाऱ्यालाही तो माहीत आहे. 'डॉक्टर शोध' म्हणजे कुणीही चालेल, 'डॉक्टरांना शोध' म्हणजे आपले नेहमीचे. तो 'ला' किंवा 'ना' बऱ्याच अंशी इंग्रजी 'द'चंच काम करतोय. अर्थात हे मुख्यतः माणसांपुरतं आणि कर्मापुरतं. 'पुस्तक वाचलं' यात कुठलं पुस्तक ते मागच्यापुढच्या बोलण्यावरूनच कळतं.

आणि गोष्टीतलं 'एक होता राजा. राजाला दोन राण्या होत्या'? पहिल्यांदा भेटला तेव्हा 'एक', ओळख झाल्यावर नुसता 'राजा'. इंग्रजीत 'अ किंग', मग 'द किंग'. हे साम्य सहज पटण्यासारखं आहे, कारण इंग्रजीचं 'ॲन' मुळात 'एक' या अर्थाचंच. जुन्या इंग्रजीत 'आन' म्हणजे एक. तोच पुढं झिजून 'ॲन' आणि 'अ' झाला. म्हणजे 'अ'ला स्वरापुढं 'न' चिकटतो हे शाळेतलं सांगणं इतिहासाच्या उलटं आहे. 'न' आधीपासून होता, तो व्यंजनापुढं गळाला. 'द'ही असाच जुन्या 'तो-ती-ते'च्या कुळातला.

हा 'न' नक्की कुणाचा, यात इंग्रजांचाही घोळ झालाय. आपल्या क्रिकेटमधला 'अंपायर' मूळ 'नूंपेर' होता, फ्रेंचातून आलेला, 'जोडीचा नसलेला', म्हणजे दोघांखेरीज तिसरा. 'अ नूंपेर' ऐकता ऐकता 'ॲन ऊंपेर' झालं आणि अंपायरचा 'न' कायमचा गेला. 'एप्रन'चंही तेच, मूळ 'नेप्रन'. उलटा व्यवहारही झाला: 'ॲन ईकनेम', म्हणजे जादाचं नाव, याचं 'अ निकनेम' झालं. 'ऑरेंज'ला मात्र लोक उगीच या यादीत घालतात. आपलं 'नारंग' फारसी-अरबीमार्गे युरोपात गेलं, पण त्याचा 'न' इंग्रजीत पोचण्याआधीच वाटेत गळाला होता.

'अ' की 'ॲन' हे ठरवायला मराठी मुलांना खरं तर इंग्रज मुलांपेक्षा सोपं. शब्द देवनागरीत लिहायचा आणि पहिलं अक्षर बघायचं. 'अवर' स्वरानं सुरू, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी' य-नं, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'वन-वे' व-नं, तिथंही 'अ'. 'ॲन एफआयआर', 'ॲन एमएलए', 'ॲन एमपीएससी एक्झाम', पण 'अ यूपीएससी एक्झाम'. रोमन स्पेलिंगकडे बघितलं की गोंधळ होतो, कानाकडे बघितलं की होत नाही. 'द' आणि 'दि' या उच्चारांनाही हीच कसोटी. सहकारी बँकांच्या पाट्यांवर सरसकट 'दि' रंगवलेला असतो, काही ठिकाणी तर टिंब देऊन 'दि.', की वाचणाऱ्यानं पुढं तारीख शोधावी. 'दि अर्बन' ठीक, 'दि नागरी'ला आधार नाही.

आपली पोरं 'द' गाळतात त्यापेक्षा नको तिथं घालतात जास्त. 'द नेचर इज ब्युटिफुल', 'वुई लिव्ह इन द सोसायटी' ही नेहमीची. निसर्ग, समाज, जीवन, प्रेम अशा सर्वसाधारण कल्पना इंग्रजीत उघड्याच राहतात. मागून कुणाचं, कुठलं हे आलं की 'द' चढतो: 'लाइफ इज हार्ड', पण 'द लाइफ ऑफ टिळक'. (आपल्याकडे 'द सोसायटी' म्हटलं की वॉचमन आणि मेंटेनन्स आठवतो, आणि तिथं 'द' अगदी बरोबर बसतो.)

राहिला युक्रेनचा उपप्रश्न. नद्या, डोंगररांगा, वाळवंटं आणि प्रदेश यांना 'द' लागतो, देशांना सहसा नाही. म्हणूनच ब्रिटिश अमदानीत 'द डेक्कन', 'द पंजाब', 'द कोंकण' असं लिहीत. यातला 'द डेक्कन' अजून टिकून आहे, पंजाबचा गेला. युक्रेनचंही तसंच: 'द' लावला की तो कुठल्यातरी मोठ्या राज्याचा एक मुलूख वाटतो. 1991 साली स्वतंत्र झाल्यावर तिथल्या लोकांना ते खटकू लागलं आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी हळूहळू तो काढला. 'द नेदरलँड्स'चा राहिला, कारण ते नाव अनेकवचनी आहे. आणि गांबिया या नदीवरून नाव पडलेल्या देशानं तर स्वातंत्र्यानंतरही आपला 'द' मुद्दाम ठेवून घेतला. नव्यानं स्वतंत्र झालेल्या झांबियाशी गल्लत होऊ नये, हेही त्यामागचं एक कारण.