तुझी सही नसलेला करार

अगं,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण दोन ओळींत उरकायचं नव्हतं म्हणून थांबले. लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर काम केलंय, आता लॉ करून बालकलाकारांच्या हक्कांसाठी लढायचंय, अ‍ॅडव्होकसी करायचीये, लोक सिरियसली घेतील का असं विचारलंयस. लोकांचं नंतर बघू, आधी एक काम कर. तू लहान असताना तुझ्या कामाचे जे जे करार झाले ते घरातून मागून घे आणि पेन्सिल घेऊन सगळे वाच. पैसे कुणाच्या खात्यात गेले, किती तास काम ठरलं होतं, तुझा चेहरा आणि आवाज किती वर्षं वापरायची परवानगी दिलीये, सगळ्याला खुणा कर. त्यावर तुझी सही बहुतेक कुठेच नसेल. काम तुझं, झोपमोड तुझी, आणि सही मोठ्यांची. असं का, हा प्रश्न तुला पडला ना की तुझा अभ्यास सुरू झाला असं समज.

म्हणजे बघ, भारतात अल्पवयीनाने स्वतः केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं आपलं सर्वोच्च अपील कोर्ट) १९०३ मध्ये मोहरीबीबीच्या केसमध्ये सांगितलं, कॉन्ट्रॅक्टच्या पेपरला तुला ही केस येणारच. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तो करार मूल नंतर नाकारू शकतं, म्हणून कॅलिफोर्नियात कंपन्या आधीच कोर्टाची मंजुरी घेऊन ठेवतात, मग मुलाला माघार घेता येत नाही. कोर्टाची मंजुरी म्हटलं की मुलाचं भलं असं वाटतं, पण त्यात कंपनीचीही सोय असते, हे दोन्ही एकदम बघायला शिकायचंय तुला.

जॅकी कूगनचं नाव तू ऐकलं असशील, चॅप्लिनच्या १९२१ च्या 'द किड'मधला मुलगा. मोठा झाल्यावर कळलं की लहानपणी कमावलेले लाखो डॉलर्स जवळजवळ संपलेत, १९३८ मध्ये त्याने सख्ख्या आईवर आणि सावत्र वडिलांवर केस केली आणि हातात आले साधारण सव्वा लाख डॉलर्स. कारण तेव्हाच्या कायद्याने अल्पवयीन मुलाची कमाई आईबापाची. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला, सगळे इथपर्यंतच सांगतात. पण त्या कायद्यात इतक्या फटी होत्या की कमाई मुलाचीच आणि त्यातले १५ टक्के बाजूला ठेवायचेच हे पक्कं व्हायला २००० साल उजाडलं. साठ वर्षं! ज्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, ज्याच्याबद्दल सगळे हळहळले होते, त्याच्याच कायद्यातली फट बुजायला एवढा वेळ लागला. तू अ‍ॅडव्होकसी म्हणतेस ती ही आहे बघ, मुलाखतीत मन मोकळं करणं वेगळं आणि कलमातलं एक वाक्य बदलून घेणं वेगळं.

आणि नेमकं इथे तुझं लहानपण कामाला येतं. भारतात २०१७ च्या नियमांत बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीत टाकायचे असं लिहिलंय. दुसरा कुणी हे वाचेल आणि बरंय म्हणेल. तू विचारशील की पाच तास कधीपासून मोजायचे, मेकअपला बसल्यापासून की पहिल्या टेकपासून? शॉट लागेपर्यंत कॉस्च्युम घालून बसून राहायचं ते काम धरायचं की विश्रांती? हे प्रश्न पुस्तकातून येत नाहीत गं, ते सेटवर ताटकळलेल्या माणसालाच सुचतात.

पाठांतर, आवाज, चारचौघांत न घाबरणं, हे आहेच तुझ्याकडे, त्यावर वेळ घालवू नकोस. मोडायची सवय वेगळीच आहे. तुला वाक्य पूर्ण करायची सवय आहे, सीन शेवटपर्यंत न्यायची. कोर्टात न्यायाधीश अर्ध्या वाक्यात अडवतात आणि त्या क्षणी थांबून त्यांनी विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्यायचं असतं, हो किंवा नाही, मग कारण. मूट कोर्टला, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यांना, हे तुला फार जड जाईल. आणि बराचसा वेळ वाचण्यात आणि ड्राफ्टिंगमध्ये जातो, तिथे कुणी बघत नसतं, कुणी छान म्हणत नाही. पहिलं वर्ष त्यामुळे रिकामं रिकामं वाटेल, तेव्हा आपण चुकलो असं ठरवून टाकू नकोस.

आधी कुणी केलंय का, तर हो. 'द गूनीज'मधला जेफ कोहेन एंटरटेनमेंट लॉयर झाला आणि त्याच सिनेमातल्या के ह्वी क्वानचा पुढे वकीलही. 'हुक'मधला चार्ली कॉर्समो कायद्याचा प्रोफेसर आहे. पॉल पीटरसन हाही पूर्वीचा बालकलाकार, वकील नाही, तरी १९९० मध्ये त्याने बालकलाकारांसाठी संस्था काढली. म्हणजे डिग्री घेतली की मुलांसाठीच लढायला पाहिजे असं नाही, आणि लढायला डिग्रीच पाहिजे असंही नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, माझ्याकडून झालेली चूक आहे. ज्युनियर वकील असताना एका बालकलाकाराचं प्रकरण आलं, भरपूर काम करणारा मुलगा. मी त्याला भेटायच्या आधीच त्याला कामातून सोडवायचा अर्ज लिहून ठेवला. भेटल्यावर तो म्हणाला मला काम आवडतं, फक्त परीक्षेच्या दिवशी शूटिंग नको. एवढंच हवं होतं त्याला, आणि मी त्याला विचारलंच नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १२ आहे, मुलाचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, ते मला पाठ होतं तरीही. तुझ्या बाबतीत हा धोका जास्त आहे, कारण समोरच्या प्रत्येक मुलात तुला तूच दिसशील. आता तर घरातच आईबाबा मुलांचे व्हिडिओ काढून नेटवर टाकतात आणि त्यावर कमावतात, सेट नाही, शिफ्ट नाही (अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून अशा मुलांच्या पैशांसाठी कायदा लागू झालाय), त्यांचं जगणं तुझ्यासारखं नाहीये, त्यांनाच विचारावं लागेल.

करार मागताना आईबाबांना कोंडीत पकडल्यासारखं विचारू नकोस हं. कदाचित त्यांनीही ते कधी नीट वाचले नसतील, सोबत बसून वाचलंत तर उत्तमच. न कळलेल्या कलमांचे फोटो पाठव, रविवारी सकाळी मी मोकळी असते, फोनवर एकेक ओळ घेऊ.