दिवस लहान व्हायला लागल्यापासून कोंबड्यांची पिसं झडतायत आणि अंडी बंद झालीत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की कोंबड्या पाळायला लागून दीड वर्ष होत आलं. उन्हाळाभर सात कोंबड्यांची रोज पाच-सहा अंडी निघत होती. आता शरद ऋतू लागल्यापासून खुराड्यात पिसांचा सडा पडतोय आणि आठवड्याला जेमतेम दोन अंडी. आजारी आहेत का, खाद्य बदलू का, दिवा लावू का, आणि घरात रोज अंडी खायची सवय झालीय त्याचं काय?

बहुतेक काहीही बिघडलेलं नाही. त्या पिसं टाकतायत. साधारण सोळा ते अठरा महिन्यांची झाली की कोंबडी पहिल्यांदा पूर्ण पीस बदलते, आणि तुमच्या कोंबड्या नेमक्या त्याच वयाच्या आहेत.

आमच्याकडचा पहिला शरद मला अजून आठवतो. सकाळी खुराड्याचं दार उघडलं आणि पोटात धस्स झालं. जमिनीवर, पाण्याच्या भांड्यात, जाळीला अडकलेली, सगळीकडे पिसं. रात्री कोल्हा शिरला असंच वाटलं. मोजल्या तर नऊच्या नऊ हजर! त्यातली एक कोपऱ्यात उभी होती, कुणीतरी अर्धी सोलून तशीच विसरून गेल्यासारखी. तिला उचलायला गेले तर अशी किंचाळली की मीच दचकले. नवं पीस फुटताना त्याची काडी रक्ताने भरलेली असते आणि धक्का लागला की दुखतं. त्यामुळे एरवी मांडीवर बसणारी कोंबडीही या दिवसांत हात लावू देत नाही. लावूही नका.

अंडी का थांबतात? पिसाचा जवळजवळ 85 ते 90 टक्के भाग प्रथिनांचा असतो आणि अंड्यालाही प्रथिनंच लागतात. एकाच कोठारातून दोन्हीकडे पुरवठा होत नाही, मग थंडी यायच्या आत अंगावर पांघरूण चढवणं आधी. त्यात उजेडाची भर. नियमित अंडी देण्यासाठी कोंबडीला दिवसाला 14 ते 16 तास उजेड लागतो, आणि तो तिला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो. कोंबडं झाकून तांबडं थांबत नाही म्हणतात ते खरं, पण तांबडंच उशिरा फुटायला लागलं की कोंबडी दुकान बंद करते.

पिसं डोक्यापासून गळायला सुरुवात होते, मग मान, छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपूट. सगळं उरकायला दोन-तीन महिने जातात, काहींना त्याहून जास्त. आता गंमत अशी की जी कोंबडी उशिरा सुरू करते आणि आठ-दहा दिवसांत एकदम उघडी पडते, ती सहसा सगळ्यात चांगली अंडी देणारी असते. आणि जी लवकर सुरू करून महिनोन्महिने एकेक पीस टाकत बसते, पण दिसायला कायम नीटनेटकी राहते, ती बहुधा आळशी. म्हणजे थंडीत कुणाला ठेवायचं हे ठरवताना सगळ्यात भिकारड्या दिसणाऱ्या कोंबडीला हात लावू नका. मी पहिल्या वर्षी नेमकी तीच दुसऱ्याला देऊन टाकली होती.

पीस बदलणं आणि आजार यांतला फरक असा. पीस बदलणारी कोंबडी रुसल्यासारखी असते, पण खाते, पिते, उकरते. आजारी कोंबडी अंग फुगवून, डोळे मिटून एका जागी बसते, श्वासाला आवाज येतो, नाका-डोळ्यांतून पाणी येतं, विष्ठा बदलते. असं काही असेल तर तिला वेगळी ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा. फक्त पाठ उघडी पडली असेल तर दोष कोंबड्याचा, जुगताना तो पाठीवर चढतो. फक्त शेपटीखालची पिसं गेली असतील आणि उरलेल्यांच्या बुडाशी पांढरट गाठी चिकटलेल्या असतील तर त्या उवांच्या लिखा.

खाद्याचं सोपं आहे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात साधारण 16 टक्के प्रथिनं असतात. हे दोन-तीन महिने 18 ते 20 टक्क्यांचं द्या. शिंपल्यांचा चुरा खाद्यात मिसळू नका, वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला अंड्याच्या कवचासाठी लागेल ती खाईल, बाकीच्यांवर जबरदस्ती नको. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं जरूर द्या, पण प्रेमाने पोट भरेपर्यंत नाही, कारण त्याने पोट भरलं की प्रथिनं कमी पडतात. हिरवट झालेल्या बटाट्याची सालं, कच्चं कडधान्य, बुरशी आलेलं आणि खारट काहीही नको. लाल भोपळा कापला की आतला गर आणि बिया मी सरळ त्यांच्यापुढे टाकते, पाच मिनिटांत साफ. त्या बियांनी जंत पडतात असं तुम्हाला दहा जण सांगतील. मी त्या खाऊ म्हणून देते, औषध म्हणून नाही.

दिवा मी लावत नाही. लावायचाच असेल तर नवी पिसं पूर्ण आल्यावर लावा, टायमर बसवून आणि पहाटेच्या बाजूला. संध्याकाळी लावून तो एकदम विझला तर कोंबड्यांना अंधारात झोपायच्या दांडीवर चढता येत नाही, जिथे आहेत तिथेच अडकतात. ऊब देणारा तापता दिवा तर मुळीच नको. खाली कोरडं तूस आणि वर तापलेला दिवा, म्हणजे आगीला आमंत्रण.

राहिलं तुमचं स्वयंपाकघर. खरी तयारी उन्हाळ्यात करायची असते, अंडी नको इतकी होतात तेव्हा. यंदा ती संधी गेली, पुढच्या वर्षी करा. अंडी फोडून हलक्या हाताने फेटायची, फेस येऊ द्यायचा नाही, आणि बर्फाच्या साच्यात गोठवायची. नुसते बलक गोठवले तर ते चिकट, घट्ट होतात, म्हणून आधी त्यांत थोडं मीठ किंवा साखर मिसळायची आणि पिशवीवर काय घातलंय ते लिहायचं. मी एकदा लिहिलं नव्हतं, खारट केक झाला. दर वसंतात दोन-तीन नवी पिल्लंही वाढवा. त्या तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, साधारण पाच महिन्यांच्या झाल्या की अंडी देऊ लागतात आणि पहिल्या शरदात सहसा पूर्ण पीस टाकत नाहीत, त्यामुळे थंडीत घर त्यांच्यावर चालतं. त्यांची अंडी लहान असतात, म्हणून केक करताना मोजू नका, वजन करा. पाककृतीतलं एक अंडं म्हणजे कवचाशिवाय साधारण 50 ग्रॅम.

सध्या जी दोन अंडी मिळतायत ती लगेच उकडू नका. ताज्या अंड्याचं कवच सुटत नाही, निम्मं पांढरं सालीबरोबर येतं. आठवडाभरात आतला कार्बन डायऑक्साइड कवचाच्या छिद्रांतून निघून जातो आणि मग साल सहज निघते. ताजी हवीच असतील तर गार पाण्यात ठेवून तापवू नका, उकळत्या पाण्यात सोडा.

एखादी म्हातारी कोंबडी कापायचं ठरवलंत, तर ती भाजायच्या भानगडीत पडू नका. वय वाढलं की स्नायूंमधला कोलॅजन, म्हणजे त्यांना बांधून ठेवणारं प्रथिन, चिवट होतो, चावता चावता जबडा दुखेल. कापल्यावर एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे ताठरपणा जाईल. मग कांदा-गाजर घालून मंद आचेवर तीन-चार तास ठेवा. पाणी खदखदू द्यायचं नाही, मधूनच एखादा बुडबुडा आला की पुरे. तोच कोलॅजन विरघळतो आणि गार झाल्यावर रस्सा जेलीसारखा थरथरतो. त्यात भोपळा शिजवला की आमच्याकडे दोन दिवस दुसरं काही लागत नाही. असा रस्सा बाजारातल्या कोवळ्या कोंबडीचा होतच नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा. रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की टॉर्च घेऊन जा आणि दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद घासत फिरवा. कागदावर लाल रेघोट्या उठल्या तर त्या रक्त पिणाऱ्या माइट नावाच्या बारीक किडींच्या. दिवसा या किडी फटींत लपतात, म्हणून कोंबडीच्या अंगावर शोधून सापडत नाहीत. मग वर सांगितलेलं नंतर, आधी खुराडं रिकामं करून फटीन् फट साफ करायला घ्या. कागदावर काय दिसलं ते खाली लिहा, मी बघते.